त्रुटिसंदेशातील निवेदक : मायएसक्यूएलच्या प्लगइनविषयक संदेशांची चिकित्सा

साहित्यसमीक्षेत निवेदकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न वारंवार चर्चिला जातो. संगणकप्रणालीने लिहिलेल्या मजकुराला मात्र तो क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या प्लगइनविषयक त्रुटिसंदेशांचा या अंगाने विचार केला आहे.

५.५ आणि ५.६ या आवृत्त्यांमधील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. सर्व्हर सुरू होत नाही. एरर लॉगच्या शेवटी क्रमाने असे दिसते : इनोडीबी या प्लगइनच्या इनिट फंक्शनने एरर दिली, स्टोरेज इंजिन म्हणून त्याची नोंदणी फसली, इनोडीबी हे इंजिन अज्ञात आहे, आणि अखेरीस ‘अबॉर्टिंग’. वाचक साहजिकच प्लगइनला दोषी धरतो. वस्तुतः इनोडीबी सर्व्हरमध्येच अंतर्भूत असते. २०१० मधील ५.५ पासून तेच मूलनिर्धारित इंजिन आहे. खरे कारण काही ओळी वर असते : बफर पूलसाठी मेमरी अपुरी पडली, आधीच चालू असलेल्या दुसऱ्या मायएसक्यूएल प्रक्रियेने आयबीडेटा१ ही फाइल कुलूपबंद केली, किंवा डेटा डिरेक्टरी हलविताना फाइलींची मालकी बदलली. इंजिन, प्लगइन-व्यवस्था आणि सर्व्हर हे तीन थर आपापली कैफियत क्रमाने मांडतात. शेवटचा बोलणारा सर्वांत कमी जाणतो.

हा केवळ शैलीदोष नव्हे. अखेरच्या ओळीवर विसंबून कोणी आयबीडेटा१ पुसून टाकली, तर सारण्यांच्या फाइली डिस्कवर दिसत राहतात, पण त्यांची ओळख सांगणारा इनोडीबीचा कोश नष्ट झालेला असतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची नोंद किंवा परीक्षेचे गुण त्यात असल्यास बॅकअपवाचून ते परत मिळवणे अवघड ठरते. २०१८ मधील ८.० आवृत्तीत संदेशांना क्रमांक मिळाले, शब्दही बदलले. आता अपयश ‘डेटा डिक्शनरी’च्या नावे नोंदले जाते. थरांची रचना तीच राहिली.

याउलट ११२६ क्रमांकाचा संदेश प्रामाणिक म्हणावा लागेल. शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही एवढेच सांगून तो थांबत नाही. फाइलचे नाव आणि ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेले कारणही सांगतो. मग ‘प्लगइन_डीआयआर’ कोणत्या जागेकडे निर्देश करते आणि फाइल तेथे आहे का, एवढे पाहणे उरते. (असे संदेश लिहिणाऱ्यांची नावे कोठेही येत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.)

२०२४ मधील ८.४ आवृत्तीने वेगळाच पेच निर्माण केला. ‘डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन’ हा पर्याय त्या आवृत्तीतून काढला गेला. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलीत ती ओळ राहिली असेल, तर सर्व्हर ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून बंद पडतो. ज्या शब्दाला ८.० ओळखत होती, तो येथे ‘अज्ञात’ ठरतो. हा पर्याय कालबाह्य होत असल्याची सूचना ८.०.२७ पासून दिली जात होती आणि ‘ऑथेंटिकेशन_पॉलिसी’ हा त्याचा वारसही ठरला होता. पण नेमक्या अडचणीच्या क्षणी संदेश त्याचे नाव घेत नाही. ‘अज्ञात’ऐवजी ‘रद्द’ हा शब्द येथे अधिक यथार्थ ठरला असता.