वाकळ कोणाची?

गोधडी म्हटलं की आमच्या साहित्यिकांना मायेची ऊब आठवते. आठवू द्या. पण तीच गोधडी प्रदर्शनात टांगून खाली 'भूमी, स्मृती, आपलेपण' असं लिहितात, तेव्हा चिंधी कुठली हे विचारलंच पाहिजे. मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्याची वस्त्रं नेमून दिली. टाक्याखाली ती स्मृती पण आहे, दोस्तहो! डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी बायांना लुगडं नेसायची तऱ्हाच बदलायला सांगितली, ती उगाच नाही.

कड्याकडची वाकळ बघा. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर, वरून धावदोरा. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडात ती असते, कोपीत अंथरतात. हिची 'भूमी' कोणती? कडा, की कारखान्याचा फड?

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या काळ्या बाया, गुलामांच्या वंशातल्या. तिथं मिसुरी पेटवेनं १९४२ ला मेलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. विटलेलं कापड तसंच ठेवलं. मेलेल्याचेच कपडे, पण हुकूम कुणाचा नाही, निवड तिची. मला ती कुठल्याही रेशमी चित्रापेक्षा मोठी वाटते. २००२ ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गीज बेंडच्या गोधड्या लागल्या, त्या बायांच्या नावानिशी.

आपल्याकडं पाटीवर बहुतेकदा 'लोककला' एवढंच. १९७२ ला पँथरनं काळ्यांकडून नाव घेतलं, आता ही रीत पण घ्या. पाटीवर आधी बाईचं नाव येऊ द्या, मग गाव, मग लुगडं कुणाचं होतं ते.