काळ्या पाइनचे बोन्साय : सौंदर्य आणि श्रम

'बोन्साय' या जपानी शब्दास मराठीत 'वामनवृक्ष' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो सदोष आहे, असे आमचे मत आहे. 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लागवड. मूळ शब्दात ठेंगणेपणाचा निर्देश नाही. निर्देश आहे तो पात्राचा व लावणाऱ्या हाताचा. मराठी प्रतिशब्दात हा हात लोपला आणि खुजेपणा तेवढा उरला. ज्या समाजाची वाढ शतकानुशतके हेतुपुरस्सर खुंटविली गेली, त्या समाजातील वाचकास हा शब्द कानी पडताच या कलेविषयी तिटकारा वाटावा, हे स्वाभाविकच होय. म्हणूनच रसग्रहणापूर्वी हा आक्षेप तपासणे अगत्याचे आहे.

त्यासाठी आम्ही जी झाडे समोर ठेवीत आहोत, ती टोकियोतील उएनो ग्रीन क्लबच्या विक्री-प्रदर्शनातील आहेत. फेब्रुवारी महिन्यात टोकियो महानगर कला संग्रहालयात 'कोकुफु-तेन' हे १९३४ साली सुरू झालेले प्रतिष्ठेचे बोन्साय-प्रदर्शन भरते. त्याच सुमारास, शिनोबाझु तळ्यानजीकच्या या क्लबात विक्रीची झाडे मांडली जातात. संग्रहालयात प्रत्येक झाडाभोवती मोकळा अवकाश राखलेला असतो. येथे मेजांवर झाडांची दाटी असते व कुंडीपाशी किमतीची चिठ्ठी असते. तरीही अभ्यासकास हे दुसरे स्थळ अधिक उपकारक वाटते. येथे सिद्ध झालेले झाड आणि अजून घडत असलेले झाड शेजारी शेजारी दिसते, त्यामुळे घडण उघडी पडते.

या दाटीत सर्वांत आधी नजर वेधून घेतो तो काळा पाइन, म्हणजेच 'कुरोमात्सु'. हा जपानच्या समुद्रकिनाऱ्यावरचा वृक्ष. खारा वारा सोसणारा. त्याची साल काळपट, जाड आणि खोल भेगाळलेली असते. सुईसारखी पाने दोन-दोनच्या जोडीने येतात आणि हिवाळ्यातील कळ्या रुपेरी पांढऱ्या दिसतात. उत्तम झाडात बुंध्याशी मुळ्या चहूबाजूंनी जमीन धरून बसलेल्या असतात, खोड वर जाताना क्रमाक्रमाने निमुळते होते आणि फांद्यांच्या थरांमधून प्रकाश खाली झिरपतो. अशा झाडापुढे उभे राहिले असता त्याची उंची दोन-अडीच फूट आहे, याचा विसर पडतो. याउलट काही मेजांवर खोडावर तारेचे वळ राहिलेली, जून दिसावीत म्हणून घाईने वाकविलेली झाडेही होती. तेथे वृद्धत्वाचा आभास आहे, वृद्धत्व नाही. आणि जाणत्या नजरेस हा भेद तत्काळ कळतो.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. हे झाड उपाशी ठेवून लहान केले जाते काय? वस्तुस्थिती निराळी आहे. वसंतात काळ्या पाइनला पेंडीचे भरपूर खत दिले जाते. त्यावर मेणबत्तीसारखे उभे कोवळे धुमारे फुटतात. जून-जुलैच्या सुमारास ते खुडले जातात. मग दुसरी फूट येते आणि तिची पाने आखूड राहतात. ही खुडणी केवळ सशक्त झाडावरच करता येते. अशक्त झाडास त्या वर्षी हात लावीत नाहीत. एकाच झाडावरही दुर्बळ धुमारे आधी खुडतात आणि बलवान धुमारे काही दिवसांनी, जेणेकरून दुर्बळांस वाढीस अधिक अवधी मिळावा व सर्व फांद्यांत बळ समान वाटले जावे. शिशिरापूर्वी जुनी पाने उपटून आतल्या भागास उजेड दिला जातो. ही छळाची पद्धत नव्हे. अखंड सावध निगेची पद्धत आहे.

तथापि आक्षेप येथे पूर्णतः मिटत नाही. विनयात भिक्खूस वनस्पतीचा नाश करण्यास मनाई आहे. पाचित्तियातील भूतगामविषयक नियम तोच होय. आणि लोक वृक्षांस सजीव मानतात, हे त्यामागील एक कारण तेथे सांगितले आहे. हा नियम माळ्यास लागू नाही. परंतु कात्री चालविणाऱ्याने जबाबदारी ओळखावी, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. शिवाय झाडाच्या निगेचे हे उदाहरण माणसांस लावू नये. माणसाची वाढ किती असावी, हे दुसऱ्याने ठरवावयाचे नसते. त्यास कितीही खतपाणी घातले, तरी नाही.

पाश्चात्त्य लेखनात बोन्सायला सरसकट 'झेन कला' म्हणण्याची प्रथा आहे. चिनी परंपरेतून आलेल्या या कलेशी झेन भिक्खूंचा संबंध होता, हे खरे. कोकान शिरेन (१२७८–१३४६) या झेन भिक्खूने पात्रातील लघुदृश्यावर रचना केली आहे. परंतु आज मेजावर दिसणारे काळ्या पाइनचे रूप ध्यानमंदिरात घडलेले नाही. ते शेतात आणि रोपवाटिकेत घडले आहे. शिकोकु बेटावरील ताकामात्सु शहराच्या किनाशी व कोकुबुंजी भागांत ही लागवड सुमारे दोनशे वर्षांपासून चालते. जपानमधील पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के तेथून येतात, असे सांगितले जाते. गूढतेचे वलय चढविले की या शेतकऱ्यांचे श्रम अदृश्य होतात. कोकुफु-तेनमध्येही झाड मालकाच्या नावे मांडले जाते. वर्षानुवर्षे त्याची निगा राखणारा बहुधा मागे राहतो. पांढऱ्या पाइनचे कित्येक देखणे बोन्साय काळ्या पाइनच्या मुळांवर कलम केलेले असतात, याची येथे आठवण होते. वर कौतुक होते एकाचे, भार वाहतो दुसरा.

मग किमतीच्या चिठ्ठीचे काय? 'हाचि नो कि' या नो नाटकात एक निर्धन सामुराई हिमवृष्टीच्या रात्री दारी आलेल्या भिक्खूस ऊब मिळावी म्हणून आपली जपलेली कुंडीतील झाडे, त्यांत पाइनही, जाळून टाकतो. झाडाचे मोल ठाऊक असलेल्या समाजानेच माणसाचे मोल त्याहून वरचे मानणारी ही कथा जपली, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

विक्रीची चिठ्ठी खोडाचे वय मोजते. पण विकत घेणाऱ्याच्या हाती येते ते पुढील अनेक उन्हाळ्यांचे काम. एका वर्षाची खुडणी चुकली तर पाने लांबतात. उन्हाळ्यात थोडे दिवस पाणी चुकले तर शतकाची घडण संपते. सर्व संखार कारणांवर उभे असतात, हे पालि ग्रंथांत आपण वाचतो. येथे ती कारणे मोजता येतात : पाणी, पेंड, तांब्याची तार आणि एकामागून एक आलेले हात. त्या हातांची गणना करून केलेले कौतुकच आम्ही रसग्रहण मानतो. 'वामनवृक्ष' हा शब्द ती गणना होऊ देत नाही. म्हणून तो टाकून 'बोन्साय' हाच शब्द मराठीत स्वीकारावा.