आयताकृती मांडणी आणि गुणाकाराचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

प्राथमिक स्तरावर गुणाकाराचे अध्यापन प्रामुख्याने दोन मार्गांनी होत आले आहे : पाढ्यांचे पाठांतर आणि पुनःपुन्हा बेरीज. त्यांच्या जोडीला मणी, चिंचोके किंवा ठिपके ओळींत व स्तंभांत मांडून गुणाकार दाखविण्याची रीतही आज परिचित आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलांच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले. त्या दृष्टीने ही रीत स्वागतार्ह आहे. तथापि, पाढे समजावून झाले की ती बहुधा बाजूला ठेवली जाते, आणि नेमकी तेथूनच तिची खरी गरज सुरू होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मांडणीचे सामर्थ्य :

पाढ्यांत 'तीन चोक बारा' आणि 'चार त्रिक बारा' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. मूल ती वेगवेगळी पाठ करते. तीन ओळींत चार-चार ठिपके काढलेला कागद काटकोनात फिरविला की चार ओळींत तीन-तीन ठिपके दिसतात. एकही ठिपका कमी-अधिक होत नाही. क्रमनिरपेक्षता येथे डोळ्यांना दिसते. ४ + ४ + ४ आणि ३ + ३ + ३ + ३ यांची उत्तरे समान का येतात, हे केवळ बेरजेतून उलगडत नाही.

याहून महत्त्वाचा आहे वितरणाचा गुणधर्म. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ. स. ११५०) या ग्रंथात १३५ ला १२ ने गुणण्याच्या उदाहरणात १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडून १६२० हे उत्तर काढण्याची रीत आढळते. आयत मध्ये रेघ मारून दुभागणे म्हणजे हीच खंडरीत होय. २३ × १४ चा आयत २० व ३, तसेच १० व ४ असा विभागला तर २००, ८०, ३० व १२ असे चार भाग मिळतात. त्यांची बेरीज ३२२. उभ्या मांडणीतील पहिली ओळ ९२ म्हणजे ८० + १२ आणि दुसरी ओळ २३० म्हणजे २०० + ३०. दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य किंवा फुली का येते, याचे उत्तर या आकृतीत आहे. ते न कळता विद्यार्थी फुली मारतो, तेव्हा ती केवळ आज्ञापालनाची खूण ठरते.

मर्यादा :

ही रीत सर्वस्वी निर्दोष नाही. पाच रुपयांची तीन पेने आणि तीन रुपयांची पाच पेने यांची किंमत एकच असली, तरी व्यवहार भिन्न आहेत; गुण्य व गुणक यांतील हा भेद आयतात लोपतो. तसेच सुटे ठिपके अपूर्णांकांपाशी अडतात. आपल्या परंपरेत पावकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली जात असे; पण दीड गुणिले अडीच ठिपक्यांनी मांडता येत नाही. त्यासाठी चौकटीच्या कागदावर क्षेत्रफळाकडे वळावे लागते. तेथे पावणेचार चौकटी मोजता येतात. ठिपक्यांकडून क्षेत्रफळाकडे होणारे हे संक्रमण शिक्षकाने हेतुपूर्वक घडवून आणणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

हा प्रश्न केवळ प्राथमिक शाळेचा नाही. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असे लिहिणारा विद्यार्थी महाविद्यालयातही भेटतो. त्याच्या उत्तरात आयताचे दोन भाग गळालेले असतात. ते त्याने कधी पाहिलेलेच नसतात. म्हणून पाढ्यांचे पाठांतर कायम ठेवूनही, दोन अंकी गुणाकार, अपूर्णांक आणि बीजगणित या तिन्ही टप्प्यांवर हीच आकृती पुन्हा वापरावी. अध्यापक विद्यालयांतील सराव पाठांत तिला शैक्षणिक साहित्यापुरते मर्यादित न ठेवता, उभ्या मांडणीतील प्रत्येक ओळ आयताच्या कोणत्या भागातून येते, हे भावी शिक्षकाकडून स्पष्ट करून घेतले जावे.