निमुळत्या नळीची तोफ : एक गुणदोषविवेचन

दुसऱ्या महायुद्धांतील शस्त्रास्त्रांचें वर्णन करणारें जें वाङ्मय तरुण मंडळी मोठ्या आवडीनें वाचतात, त्यांत स्तुतीचें माप बहुधा ठरलेलें असतें : वेग किती, भेद किती, वजन किती. केवळ मात्रा मोजून कवितेचें परीक्षण करावें, तसाच हा प्रकार आहे. मात्रा चुकलेल्या नसतात. पण कविता चांगली कीं वाईट, हें त्यांवरून कळत नाहीं. जर्मन छत्रीधारी सैन्यानें वापरलेल्या २८ मिलिमीटरच्या हलक्या रणगाडाविरोधी तोफेच्या बाबतींत असेंच झालें आहे, असें आमचें मत आहे.

आधीं गुण पाहूं; कारण ते खरोखरीच मोठे आहेत. या तोफेची नळी मागील टोंकाशीं २८ मिलिमीटर रुंद आणि तोंडाशीं अवघी २० मिलिमीटर. गोळ्याच्या पोटांत टंग्स्टन कार्बाइडचा अतिशय कठीण गाभा आणि भोंवतीं मऊ धातूचें कडा असलेलें आवरण. दारूच्या वायूला रेटा देण्यास मागें रुंद पृष्ठभाग मिळतो. नळींतून पुढें सरकतांना कडा दबत जातात आणि बारीक झालेला गोळा सेकंदाला सुमारें १४०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या चौपट वेगानें बाहेर पडतो. निमुळत्या नळीची ही कल्पना कार्ल पुफ यानें १९०३ सालींच मांडली होती. पुढें हेर्मान गेर्लिख यानें तिला व्यवहारांत आणलें.

साधी तोफ २२९ किलोग्रॅम वजनाची होती. हवाई सैन्यासाठीं तिची ढाल काढून ती पोकळ नळ्यांच्या सांगाड्यावर व लहान चाकांवर बसविली, आणि वजन आणखी बरेंच उतरलें. आकाशांतून शत्रूच्या प्रदेशांत उतरणाऱ्या शिपायाला जवळ असेल तेवढ्यावरच लढावें लागतें, आणि समोरून रणगाडा आला तर बंदुकीचा कांहीं उपयोग होत नाहीं. त्याची ही अडचण ओळखूनच तोफेची आखणी झाली होती. बुद्धीच्या दृष्टीनें पाहिलें तर या रचनेंत बोट ठेवण्यास जागा थोडीच सांपडेल.

आतां दोष. नळी इतकी झिजे कीं सुमारें पांचशें बार झाल्यावर ती निकामी समजावी. गोळा हलका असल्यामुळें त्याचा वेग अंतराबरोबर झपाट्यानें कमी होई. म्हणून रणगाडा बराच जवळ येईपर्यंत तोफखान्याच्या माणसांना थांबून राहावें लागे. तिचा स्फोटक गोळाही इतका लहान होता कीं शत्रूच्या पायदळावर त्याचा फारसा परिणाम होत नसे. तथापि हे दोष किरकोळ होत. मुख्य दोष तोफेंत नव्हताच; तो गोळ्याच्या गाभ्यांत होता.

टंग्स्टन हा धातु जर्मनीला बाहेरून आणावा लागे. चीनमधून सैबेरियाच्या मार्गानें येणारा पुरवठा जून १९४१ मध्यें जर्मनीनें स्वतःच रशियावर चाल करून तोडला. मग भिस्त राहिली ती स्पेन व पोर्तुगाल यांवर. आणि ज्या पोर्तुगालच्या सत्तेखालीं त्या वेळीं आपला गोवा होता, त्या देशाच्या सालाझारनें जून १९४४ मध्यें ही निर्यात बंद केली. कारखान्यांत पोलाद कापणाऱ्या हत्यारांनाही हाच धातु हवा असे. हत्यार पुष्कळ दिवस काम देतें. झाडलेला गाभा परत येत नाहीं. तेव्हां प्रत्येक बार म्हणजे कारखान्याच्या पोटावर पाय होता. १९४३ सालीं या तोफेचें उत्पादन थांबलें; तोंवर तीन हजारही तोफा तयार झालेल्या नव्हत्या.

तिच्या हलकेपणाचें प्रयोजनही तोंवर ओसरलें होतें. मे १९४१ मध्यें क्रीट बेट जिंकतांना इतके छत्रीधारी सैनिक पडले कीं हिटलरनें पुन्हां तेवढी मोठी हवाई मोहीम काढली नाहीं. आकाशांतून उतरण्यासाठीं शिकविलेले सैनिक पुढें बहुतेक पायदळ म्हणूनच लढले. शिवाय १९४३ पासून ‘पान्झरफाउस्ट’ नांवाची स्वस्त नळी शिपायांच्या हातीं आली. पोकळ स्फोटकाच्या युक्तीनें ती चिलखत फोडी. तिला ना वेग लागे, ना टंग्स्टन.

यावर कोणी म्हणेल कीं कल्पना तरी मोठी होती. तें आम्हांस मान्य आहे. ब्रिटिशांनींही नळीच्या तोंडाशीं निमुळता जोड लावून तोच मार्ग चोखाळला. परंतु १९४४ मध्यें त्यांनीं सरळ नळींतूनच बारीक गाभा उडविण्याची आणि त्याचें आवरण वाटेंत गळून पडण्याची योजना अमलांत आणली. पुढें टिकली ती हीच. सार राहिलें, निमुळती नळी गेली.

म्हणून वर्णनकारांजवळ आमचें मागणें एवढेंच आहे कीं त्यांनीं वेगाच्या शेजारीं खाणीचाही हिशेब मांडावा. आणखीही एक गोष्ट. ‘इतके मिलिमीटर भेद’ असें लिहितांना त्या चिलखतामागें माणसें बसलेलीं होतीं, याची आठवण एखाद्या वाक्यानें तरी ठेवावी. रशियाच्या टी-३४ रणगाड्यांत त्या काळीं चार माणसें बसत. तो आंकडाही त्याच कोष्टकांत शोभेल.