मृत्युपत्राची मर्यादा : युरोपीय खासगी कायदा आणि हातकणंगले तालुक्यातील जमीन

युरोपातील खासगी कायद्याचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दोन रीतींनी होतो. एक तर रोमन कायद्यापासून नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेपर्यंतचा इतिहास सांगून तो संपविला जातो. नाहीतर समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचा दाखला देऊन आटोपता घेतला जातो. दोन्ही रीतींत एक मूलभूत प्रश्न बाजूस राहतो. मृत्युपत्र करणाऱ्याला आपल्या मालमत्तेपैकी काय देऊन टाकता येत नाही, हा तो प्रश्न होय. हातकणंगले तालुक्यातील उसाची जमीन डोळ्यांपुढे ठेवून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

युरोपीय परंपरेचे उत्तर पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. गोवा मुक्तीनंतर १९६२ च्या अधिनियमाने ती कायम राहिली, आणि पोर्तुगालने १९६६ मध्ये स्वतःची संहिता बदलली तरी गोव्यातील बदलली नाही. तेथील वारसाविषयक नियम आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या अधिनियमात आले असून तो डिसेंबर २०१६ पासून अंमलात आहे. तथापि तत्त्व जुनेच आहे. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. चार एकर जमीन असलेला पती वारला तर दोन एकर पत्नीचीच असते. ती तिला वारसा म्हणून मिळत नाही. उरलेल्या दोहोंपैकी एक एकर मुलांसाठी राखीव राहते. मृत्युपत्राची सत्ता चालते ती फक्त शेवटच्या एका एकरावर. हयातीतील बक्षीसपत्राने राखीव हिश्शावर आक्रमण झाल्यास तेही कमी करता येते. एरवी मृत्युपत्राला घातलेली मर्यादा बक्षीसपत्राच्या वाटेने मोडली असती.

सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी दिलेल्या निर्णयाने हा विषय गोव्याबाहेर आला. गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीची जमीन भारतात कोठेही असो, तिच्या वारशास गोव्याचाच कायदा लागू होईल, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे अशा व्यक्तीने हातकणंगल्यात शेत घेतले असेल, तर बांधाच्या एका बाजूस राखीव हिस्सा आणि दुसऱ्या बाजूस पूर्ण मुभा अशी स्थिती संभवते. निर्णयाचा हा भाग योग्यच म्हणावा लागेल. एका मनुष्याचा वारसा एकाच कायद्याने ठरावा, हेच तत्त्व युरोपीय संघाने आपल्या २०१२ च्या वारसा नियमावलीत स्वीकारले आहे. परंतु त्याच निर्णयाने समान नागरी कायद्याचा उत्तम नमुना म्हणून गोव्याचा जो गौरव केला, त्याने वाचकाचे लक्ष भलतीकडे जाते. गोव्यातील हिंदूंसाठी १८८० च्या रूढिसंहितेने काही अपवाद ठेवले होते. समानता तेथेही निर्भेळ नव्हती. या कायद्यापासून शिकण्यासारखी गोष्ट समानता नसून मृत्युपत्रास घातलेली मर्यादा होय.

हातकणंगले तालुक्यात ही मर्यादा कितपत आढळते? मुसलमान कुटुंबात वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. हिंदू व जैन कुटुंबांस १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू आहे आणि त्याच्या तिसाव्या कलमाने मृत्युपत्राची पूर्ण मुभा दिली आहे. पूर्वी तसे नव्हते. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होई आणि अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. हा निर्बंध पुत्रापुरताच होता हे खरे. पण निर्बंध होता. १९५६ मध्ये तो हिस्साही मृत्युपत्राच्या कक्षेत आला. पुढे १९८६ मध्ये, पित्याकडून आठव्या कलमान्वये आलेली मालमत्ता पुत्राची स्वतंत्र मालमत्ता होय, असा निर्णय झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये कन्येला सहदायाद केले खरे. परंतु सहदायकीची जमीनच वाटण्यांतून आटत चालली असता त्या हक्काचे क्षेत्रही आटत जाते. कन्येला दार उघडले तेव्हा घर बरेचसे रिकामे झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ही पूर्ण मुभा आपल्या परंपरेतील नव्हे. प्राचीन धर्मशास्त्रास मृत्युपत्र जवळजवळ अपरिचित होते. इंग्रजी न्यायालयांनी ते रूढ केले आणि १८७० च्या हिंदू मृत्युपत्र अधिनियमाने त्यास आकार दिला. खुद्द इंग्लंडने मात्र १९३८ मध्ये कायदा करून, मृत्युपत्राने वंचित झालेल्या आप्तांना निर्वाहासाठी न्यायालयात दाद मागण्याची वाट दिली. आपण अठरा वर्षांनंतर त्या देशाची जुनी मुभा उचलली. आश्रितांच्या पोटगीची सोय आपल्याकडेही १९५६ च्याच दत्तक व पोटगी अधिनियमात आहे. पण पोटगी म्हणजे हिस्सा नव्हे.

येथे युक्रेनची संहिता उद्बोधक ठरते. १ जानेवारी २००४ पासून अंमलात असलेल्या या संहितेच्या १२४१ व्या कलमात राखीव हिस्सा सर्व मुलांना दिलेला नाही. अज्ञान मुले, काम करण्यास असमर्थ अशी सज्ञान मुले, तसेच असमर्थ पती, पत्नी व आईबाप यांनाच तो मिळतो, आणि तोही मृत्युपत्र नसते तर जो हिस्सा मिळाला असता त्याच्या निम्मा. परस्परसंबंध पाहून न्यायालय तो कमीही करू शकते. गोव्याचा नियम नात्यावर उभा आहे, युक्रेनचा गरजेवर. जर्मन संहितेचे उत्तर तिसरेच आहे : वंचित अपत्याला निम्म्या हिश्शाची किंमत पैशाच्या रूपात मागता येते, जमिनीत वाटा मागता येत नाही.

एक एकराचेही तुकडे पडू लागलेल्या तालुक्यात हा भेद केवळ पुस्तकी नाही. मुंबई राज्याने १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा केला, तो अशाच भीतीपोटी. राखीव हिस्सा हवा आणि शेतही सलग राहावे, असे म्हणणाऱ्यास गोव्यापेक्षा जर्मन रीत अधिक जवळची वाटेल.

एक आक्षेप मात्र मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. वडिलांच्या मृत्यूनंतर तलाठ्याकडे वारसनोंद होते आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. ही रीत कोणत्याही राखीव हिश्शाने थांबणार नाही. वारसा उघडल्यावर तो नाकारण्याची मोकळीक गोव्यातही आहे. माहेर तुटू नये म्हणून केलेल्या सहीस कायदा स्वेच्छा समजतो, व तसे समजण्यावाचून त्यास गत्यंतरही नसते. परंतु ज्या कन्येला काही मिळालेच नाही, तिला सोडावयाचेही काही नसते. सही मागण्यासाठी भावाला बहिणीच्या दारी जावे लागणे, हेही हक्काचे एक रूप आहे. मृत्युपत्राने तेवढेही उरत नाही.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रमात युरोपीय खासगी कायदा शिकविताना संहितांची वंशावळ थोडी कमी सांगितली तरी चालेल. गोवा, कीव्ह आणि बर्लिन येथील नियम एकाच सातबाऱ्यावर लावून पाहावेत आणि प्रत्येक वेळी विधवेच्या व कन्येच्या हाती काय उरते ते मोजावे. त्या मोजणीतून जे दिसेल ते तिसाव्या कलमाची फेरतपासणी करण्यास पुरेसे कारण देईल.