शाबासकी आणि सल्ला : रहस्यकथेतली लेखक-वाचकांची मैत्री



सायवनमध्ये रहस्यकथेवर व्याख्यान आहे, हे वाचून शहरातल्या काही जणांना नवल वाटेल. खरं तर तसं कारण नाही. मराठी रहस्यकथा म्हटलं की पहिलं नाव येतं बाबुराव अर्नाळकरांचं. त्यांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण वाचकांनी त्यांना ओळखलं ते अर्नाळकर म्हणून. आणि अर्नाळा कुठे आहे? आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात. तेव्हा विषय परका नाही.

आज आम्हाला एकच मुद्दा मांडायचा आहे. मराठी रहस्यकथाकाराला वाचकांचं प्रेम भरपूर मिळालं, मित्राचा सल्ला मात्र फार कमी मिळाला. आणि नुसतं प्रेम लेखकाला दमवतं. विधान जरा धाडसी आहे, म्हणून पायरीपायरीने जाऊ.

आधी या प्रकाराचा स्वभाव पाहू. कोडी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहेत. रात्री जेवणं झाली की घरातली म्हातारी माणसं पोरांना कोडी घालतात. घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, पोरांना नसतं. पण दोघांमध्ये न बोललेला एक करार असतो, की उत्तर कोड्यातच सापडलं पाहिजे. उत्तर ऐकून पोर म्हणालं, 'अरेच्चा, हे मला सुचायला हवं होतं,' की कोडं जमलं. 'हे मला कसं कळणार?' म्हणालं, की फसलं. रहस्यकथा म्हणजे दोनशे पानांचं कोडंच. इथे लेखक वाचकाला चकवतो आणि वाचक लेखकाला पकडायला बघतो. कबड्डीत समोरच्या संघाशी असते तशी ही मैत्री आहे. पाय ओढायचा, पण नियमात राहून.

हा करार काही लेखकांनी एकत्र येऊन उघड बोलून दाखवला. १९३०मध्ये लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' सुरू झाला. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष; डोरोथी सेयर्स, अ‍ॅगाथा ख्रिस्ती, अँथनी बर्कली ही मंडळी सभासद. एकत्र जेवायचं आणि धंद्याच्या गप्पा मारायच्या, हे मुख्य काम. नव्या सभासदाला मात्र शपथ घ्यावी लागे. आपला गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा उकलणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवला जाणार नाही, असा तिचा आशय. शपथेचा थाट गमतीचा होता, पण आतली गोष्ट गंभीर होती. लेखक एकमेकांना विचारत होते, 'तू वाचकाशी प्रामाणिक वागलास का?'

या मंडळींनी १९३१मध्ये मिळून 'द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल' ही कादंबरी लिहिली. प्रत्येक प्रकरण वेगळ्या लेखकाचं. अट अशी, की आपलं प्रकरण लिहिताना प्रत्येकाच्या मनात गुन्ह्याची स्वतःची उकल तयार हवी. त्या उकली पुस्तकाच्या शेवटी छापल्या आहेत. ही अट आम्हाला फार आवडते. पुढच्याच्या गळ्यात गुंता टाकून मोकळं व्हायचं नाही. तू जी गाठ मारलीस ती तुला स्वतःला सोडवता आली पाहिजे. लेखकाने लेखकाला दिलेलं उत्तेजन कसं असावं, याचा हा चांगला नमुना आहे.

आता मराठीकडे या. अर्नाळकर १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. साधा हिशेब करा. पन्नास वर्षं लेखन धरलं तरी वर्षाला वीस पुस्तकं, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांना एक. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं लायब्ररीच्या काउंटरवर घरच्या माणसांसारखी घेतली जात. ज्यांच्या हातात एरवी पुस्तक आलं नसतं, अशा किती जणांना त्यांनी वाचायची गोडी लावली! हे ऋण आम्ही आधी मानतो आणि मगच पुढचं बोलतो.

पुढचं असं. या वेगात कोडं मागे पडलं आणि पाठलाग पुढे आला. अशा कथांमध्ये उकल बरेचदा वेषांतराने होते, अंधारात कान देऊन ऐकलेल्या संभाषणाने होते, नाहीतर खलनायक शेवटी स्वतःच सगळं सांगून टाकतो. वाचक नायकाबरोबर धावतो, पण विचार करायला त्याला जागा मिळत नाही. याचा दोष एकट्या लेखकावर टाकणं सोपं आहे. आम्ही विचारतो, त्याला थांबवणारं कोण होतं? वाचक म्हणत होता, 'पुढचं पुस्तक कधी?' आणि समीक्षक या पुस्तकांकडे बघायलाच तयार नव्हते. एकीकडे नुसती मागणी, दुसरीकडे नुसतं मौन. 'बाबुराव, या गोष्टीतला पुरावा आधीच्या प्रकरणात दिसायला हवा होता,' असं बरोबरीच्या नात्याने सांगणारी फळी मधे उभीच राहिली नाही.

प्रेमाचं ओझं मराठीतच झालं असं नाही. कॉनन डॉईल यांनी १८९३मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली पाठवलं, कारण त्यांना दुसरं काही लिहायचं होतं. वाचकांनी काहूर उठवलं आणि १९०३मध्ये होम्स जिवंत करून परत आणावा लागला. वाचकांचा हट्ट इतका ताकदीचा असतो. म्हणूनच तो कशासाठी धरायचा, याचा विचार हवा.

मराठीत वाचकांनी मैत्री निभावली नाही, असं मात्र कुणी समजू नये. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, मधुकर तोरडमलांनी अ‍ॅगाथा ख्रिस्ती आणल्या, अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आणला. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या हाती देणं, हे वाचकाचंच काम या तिघांनी केलं. केळकर आणि तोरडमल दोघेही रंगभूमीवरचे, हेही ध्यानात घ्या. प्रेक्षकाचा श्वास कुठे अडकतो, हे त्यांना कळत होतं. आणि सुहास शिरवळकरांना वाचकांनी 'सुशि' करून टाकलं. एखाद्या लेखकाचं नाव असं घरगुती होणं, ही केवढी शाबासकी!

आता आजचं. आज रहस्यकथा मोबाइलवर भागाभागाने लिहिली जाते आणि प्रत्येक भागाखाली वाचक लगेच बोलतात. सर्वांत जास्त दिसणारं वाक्य कोणतं? 'खूप छान, पुढचा भाग लवकर टाका.' वाक्य प्रेमाचंच आहे. एकटीने, रात्री घरकाम आटोपून लिहिणाऱ्या बाईला त्या एका वाक्याने किती बळ येतं, हे आम्ही नाकारत नाही. पण जरा कान देऊन ऐका. 'लवकर टाका' ही तीच जुनी लायब्ररीतली मागणी आहे. अर्नाळकरांना निदान अडीच आठवडे मिळत. आजच्या लेखकाला दोन दिवसही मिळत नाहीत.

मग चांगलं उत्तेजन कसं असतं? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या कुणी सायवनच्या आसपास घडणारी खुनाची गोष्ट लिहिली. मेलेल्या माणसाजवळ मडक्यात नीरा आहे. दुपारी पोलीस येतात, चाखून बघतात, नीरा गोड. इथला वाचक हसेल. पहाटे उतरवलेली नीरा उन्हात दुपारपर्यंत गोड राहत नाही, ती आंबते. आता हा वाचक दोन गोष्टी करू शकतो. 'काहीच माहीत नाही, लिहिता कशाला?' म्हणून लेखकाला गप्प करायचं. किंवा लिहायचं, 'दादा, ही नीरा गोड असेल तर ती नंतर कुणीतरी आणून ठेवली असली पाहिजे.' बघा, चूक होती तिथे पुरावा तयार झाला! आमच्या मते याला सल्ला म्हणावं. तसंच पोलीस पाटलाचं. गावात मृतदेह सापडला की पहिली खबर त्याच्याकडे जाते. पण गोष्टीत थेट शहरातून इन्स्पेक्टर उतरतो आणि पोलीस पाटील दिसतच नाही. हे सांगायला सायवनचाच वाचक पाहिजे.

आणखी एक गोष्ट मित्रानेच सांगायला हवी, आणि ती जास्त अवघड आहे. संशय कुणावर जातो? १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण शिक्का गोष्टींतून पुसला गेला का? बंगल्यात चोरी झाली की पहिली नजर पाड्यावरून कामाला येणाऱ्या गड्याकडे वळते. लेखक म्हणेल, ती तर फसवी वाट आहे, खरा चोर वेगळाच निघतो. ठीक. पण वाचक त्या वाटेने सहज जातो, कारण तिथे जायची त्याला आधीच सवय आहे. लेखकाने त्या सवयीवर फुकट कमाई केली. हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट विचारणारा वाचक नसेल, तर कोडंही कच्चं राहतं आणि माणुसकीही.

हे सगळं बोलताना एक पथ्य आहेच. लायब्ररीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारा महाभाग आपल्या सगळ्यांना भेटलेला आहे. तसं करायचं नाही. 'द माउसट्रॅप' हे ख्रिस्तींचं नाटक १९५२पासून लंडनमध्ये चालू आहे आणि शेवट बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. अनोळखी माणसाच्या आनंदासाठी आपण तोंड मिटून ठेवतो, हीसुद्धा मैत्रीच. शेवटाबद्दल तक्रार असेल तर ती लेखकाला एकट्याला कळवावी; चारचौघांत धागे नीट होते की नव्हते एवढंच बोलावं.

समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कुणी वहीत गोष्ट लिहीत असेल, वारलीत, मराठीत, दोन्ही मिसळून. तिला शाबासकी जरूर द्या. त्याशिवाय दुसरं पान लिहून होत नाही. पण शाबासकी दिल्यावर उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, 'ही गाठ तू मारलीस, सोडवणार कशी?' तिला उत्तर सापडेपर्यंत थांबा. पुढचा भाग उशिरा आला तरी चालेल.