सुधाकरला दारूने बुडवलं का?

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. तेव्हापासून या नाटकाला एक लेबल चिकटलंय : दारूच्या दुष्परिणामांचं नाटक. हे लेबल फार सोयीचं आहे. मी पीत नाही, म्हणजे मी सुधाकर नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण प्याला हातात येण्याआधी काय घडतं ते बघा. सुधाकर हुशार, तडफदार वकील. भर कोर्टात मुन्सफाशी त्याची जुंपते आणि त्याची सनद काही काळापुरती जाते. पैसे बुडाले याचं त्याला फारसं काही नाही. चारचौघांत नाचक्की झाली हे सोसवत नाही. नेमका याच वेळी तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो.

पुढे तो दारू सोडतोही. काम मागायला ओळखीच्या लोकांकडे जातो, तिथे अपमान होतो, आणि पुन्हा प्याला जवळ करतो. म्हणजे दारू त्याला सोडता येते, अपमान गिळता येत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकनायकाच्या संदर्भात ‘हमार्शिया’ हा शब्द वापरला. आपण त्याला सरसकट ‘दोष’ म्हणतो, पण मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे नेम चुकणं. सुधाकरचं तेच होतं. ताठ मानेने जगायला निघालेला माणूस दर वेळी स्वतःच्याच घरावर बाण सोडतो.

किंमत सिंधू मोजते. लोकांची दळणं दळते, त्याच्याच मारामुळे जीव गमावते, आणि मरतानाही त्याच्यावर आळ येऊ देत नाही. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक ढसाढसा रडले. आज मात्र हा प्रसंग खटकायला हवा. सुधाकरचा अहंकार त्याने एकट्याने वाढवलेला नाही. नवऱ्याच्या मानापुढे सगळं क्षुल्लक मानणाऱ्या घराने तो पोसलाय. गडकऱ्यांना दुसरी बाजू दिसत नव्हती असं नाही. तळीरामची बायको गीता नवऱ्याला फाडफाड बोलते. पण लेखक भारावून बघतो तो सिंधूकडेच, आणि इथे नाटक कमी पडतं.

तरीही ते वाचाच. आणि कुणी कौतुकाने सांगितलं, ‘तो फार स्वाभिमानी आहे हं’, तर एवढंच विचारा : त्याच्या स्वाभिमानाचं बिल घरात कोण भरतंय?